कळफलकाची मुखत्यारी

चाळीसगांवाजवळ डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या पाटण येथील शिलालेख इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक असेलच. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं तो विद्वानांपुढें मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें शके ११२८ मध्यें, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमारास, त्यास दान दिलें, असें त्यांत नमूद आहे. त्या मठांत जें बीजगणित शिकविलें जाई त्यांतील अज्ञात राशींस यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें असून समीकरण मांडतांना केवळ या, का, नी, पी एवढेंच लिहीत. ज्ञात संख्येपुढें रू लिहीत, आणि ऋण संख्येच्या माथ्यावर टिंब देत. ही चाल भास्कराचार्यांच्याही पूर्वीची आहे. नी या अक्षरांत कोणतीहि संख्या दडलेली नाहीं. खूण आणि अर्थ यांची गांठ मनुष्यानें मारलेली असते व मनुष्यालाच ती सोडतां येते; परंतु मठांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वतंत्र गांठी मारल्या असत्या, तर एकाची पाटी दुसऱ्यास वाचतां आली नसती.

ह्याच पेंचाचा एक अर्वाचीन इतिहास आम्ही येथें सांगूं इच्छितों. त्याचा विषय आहे संगणकाचा कळफलक.

टंकलेखन यंत्रावर ही गांठ लोखंडाची होती. कळ दाबली कीं तिच्या दांड्यावर ओतलेला खिळाच कागदावर उमटे. लिहिणाऱ्यास तो आवडो वा न आवडो. संगणकांत कळ आणि अक्षर यांच्यामध्यें लोखंड उरलें नाहीं; कळ केवळ वर्दी देते, आणि त्या वर्दीचा अर्थ काय करावयाचा हें आंतील आज्ञावली ठरविते. मग ती आज्ञावली कोणीं ठरवावी? कारखानदारानें कीं लिहिणाऱ्यानें?

ह्या प्रश्नाचें सर्वांत धीट उत्तर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत मिळालें. तेथें टेको नांवाचा एक एडिटर वापरीत. (संपादक हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला आहे, नाहीं तर या मासिकाच्या संपादकांच्या बोटांविषयीं लिहिलें आहे असा समज व्हावयाचा!) एडिटर म्हणजे मजकूर लिहिण्याचें, खोडण्याचें व हलविण्याचें साधन. १९७४ च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांनीं त्यांत अशी सोय केली कीं, वापरणाऱ्यानें स्वतः रचलेली आज्ञांची मालिका कोणत्याहि कळेस जोडतां यावी. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्यानें त्यानें आपल्या सोयीच्या कळा बांधल्या, आणि थोड्याच काळांत एकाच्या यंत्रापुढें दुसरा बसला कीं त्याचीं बोटें अडखळूं लागलीं. तेव्हां गाय स्टील यांनीं निरनिराळे संच एकत्र करण्याचें काम हातीं घेतलें, स्टॉलमन यांनीं तें पुरें केलें, आणि १९७६ सालीं ईमॅक्स जन्मास आला. तो फुकट वांटला जाई, परंतु एका अटीवर: जो कोणी त्यांत सुधारणा करील त्यानें ती परत पाठवावी.

म्हणजे, स्वातंत्र्याचा अतिरेक झाल्यामुळेंच हा एडिटर निर्माण झाला. तरीहि त्यांतून स्वातंत्र्य काढून टाकलें गेलें नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. दुसऱ्या कोणी कारभारी वृत्तीच्या मनुष्यानें सर्वांच्या कळा एकदां ठरवून पेटीला कुलूप लावलें असतें.

१९८५ पासून प्रचारांत असलेल्या ग्नू ईमॅक्समध्यें ही व्यवस्था कशी आहे तें पाहण्यासारखें आहे. आज्ञेस स्वतःचें लांबलचक नांव असतें; कळ ही त्या नांवाची केवळ लघुसंज्ञा, नीलकाची नी. कोणती कळ कोणत्या आज्ञेची हें सांगणारे तक्ते एकावर एक रचलेले असतात. सर्वांत खालीं सर्वसामान्य तक्ता, त्यावर त्या प्रकारच्या मजकुराचा, आणि त्यावर तात्पुरत्या सोयींचा; वरच्या तक्त्यांत कळ सांपडली कीं खालचा विचारला जात नाहीं. घरची रीत गांवच्या रीतीआधीं पाहावी, तसेंच हें. शिवाय कंट्रोलची कळ दाबून सी, आणि मग कोणतेंहि एक रोमन अक्षर, एवढी जागा वापरणाऱ्यासाठीं राखून ठेवण्याचा संकेत आहे; एडिटरचा विस्तार करणाऱ्यांनीं तेथें शिरूं नये. ह्या राखीव अंगणामुळें नवी आवृत्ति आली तरी आपण बांधलेल्या कळा सहसा मोडत नाहींत.

मराठी माणसास ह्या स्वातंत्र्याची गरज मूळ कर्त्यांहून अधिक आहे. मूळच्या कळा इंग्रजी शब्दांवरून योजिल्या आहेत. कंट्रोलसह पी दाबला कीं आपण मागील ओळीवर जातों, कारण तेथें पी हा प्रीव्हिअसचा. मराठींत विचार करणाऱ्याच्या मनांत मात्र प म्हणतांच पुढें येतें! दोन ओळींची आज्ञा लिहून हें उलटें करतां येतें, आणि ज्यास उलटें करावयाचें नाहीं त्याचें कांहींच बिघडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष मराठी लिहिण्याकडे वळूं. ईमॅक्समध्यें देवनागरीसाठीं एकाहून अधिक पद्धती आहेत. एक भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं मान्य केलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाची. त्यांत स्वरचिन्हें डाव्या हाताला व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला आहेत. दुसरी आयट्रान्सची, जींत रोमन अक्षरांनीं उच्चार लिहावा आणि देवनागरी उमटावी. अनुस्वार न देतां चाळीसगाव हें नांव लिहून पाहावें. इन्स्क्रिप्टनें आठ वेळां बोट उचलावें लागतें व शिफ्टची गरज एकदांच पडते, ती ळ साठीं. आयट्रान्सनें अकरा अक्षरें लागतात व त्यांतील चार मोठ्या लिपींतलीं. तरीहि ज्याचा हात रोमन कळफलकावर बसला आहे त्यास दुसरी पद्धतच सोपी वाटते, आणि त्यास वेडा ठरविण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. कारण दोन्ही वाटांनीं कागदावर उतरणारा ळ एकच आहे.

हें नेहमींच असें नव्हतें, आणि मराठीचें खरें नुकसान येथें झालें. छपाई संगणकावर आली त्या काळांत निरनिराळ्या अक्षरसंचांनीं एकाच अक्षरास निरनिराळे क्रमांक दिले. एका संचांत लिहिलेलें प्रकरण तो संच नसलेल्या यंत्रावर उघडलें कीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग दिसे. कित्येक लेखकांचीं हस्तलिखितें वाचतां येतात, पण त्यानंतरचा संगणकावरील मजकूर रूपांतर केल्यावांचून वाचतां येत नाहीं, असा उलटा प्रकार होऊन बसला. कळांची निवड खासगी असावी. अक्षराची ओळखच खासगी झाल्यावर भाषा पेट्यांपेट्यांत कोंडली जाते. १९९१ सालच्या युनिकोडनें देवनागरीस कायमचे क्रमांक दिले. त्यांत ळ चा क्रमांक दशमान गणनेनें २३५५ आहे; तो चाळीसगांवीं तोच आणि बोस्टनमध्यें तोच.

एक अडचण मात्र आजहि मराठी लिहिणाऱ्यास भेटते. ईमॅक्सची स्वतःची देवनागरी पद्धत न घेतां सबंध संगणकाचाच कळफलक इन्स्क्रिप्ट केला, तर एक्सच्या कळेवर अनुस्वार येतो; आणि फाईल राखण्यासाठीं कंट्रोल व एक्स दाबावें तर पुष्कळ यंत्रांवर ईमॅक्सला कंट्रोल-अनुस्वार ऐकूं येतो व अशी कळ बांधलेली नाहीं असें तो कळवितो. ह्यावर दोन उपाय आहेत. ईमॅक्सचीच पद्धत वापरावी. कंट्रोल व उलटी तिरपी रेघ दाबून ती सुरू किंवा बंद होते, आणि कंट्रोलच्या आज्ञा तिच्या तावडींत सांपडत नाहींत. नाहीं तर कळांच्या भाषांतर-तक्त्यांत एक ओळ घालून कंट्रोल-अनुस्वार म्हणजेच कंट्रोल-एक्स असें त्यास सांगून ठेवावें.