घरकुलाचा अर्ज: एका कागदाचा इतिहास

महाराष्ट्राच्या खेड्यांत सरकारी अनुदानातून उभ्या राहणाऱ्या घराला ‘घरकुल’ म्हणतात. 1985-86 मध्ये ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाचा एक भाग म्हणून सुरू झालेली इंदिरा आवास योजना 1996 मध्ये स्वतंत्र झाली आणि 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली; तेव्हा सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये अनुदान आणि किमान 25 चौरस मीटर घर हे माप ठरले. राज्याने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, तर आदिवासींसाठी शबरी योजना जोडली. मात्र अर्जाला लागणारा नमुना आठचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या करआकारणी नोंदवहीतील मिळकतीची नोंद, ज्याच्या नावे काहीच नाही त्याने आणायचा कुठून? ज्याला घराची गरज सर्वाधिक, तोच जागेअभावी अडत होता, आणि हा अन्याय उघड दिसत असूनही घरकुलाच्या जागाखरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना येईपर्यंत बराच काळ लोटला. अनुदान आजही हप्त्याहप्त्यानेच मिळते: आधी पाया, त्याचा फोटो, मगच पुढच्या भिंती.