वसईचीं बावखलें आणि वाडीवाले

वसईचें नांव निघालें कीं किल्ला, १५३४ चा तह आणि चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीम आठवते. आज मला बोलावयाचें आहे तें तटाबाहेरील वाड्यांविषयीं आणि त्यांना जगविणाऱ्या पाण्याविषयीं.

पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी. तिन्ही बाजूंस खारें पाणी. पावसाचें गोडें पाणी जमिनींत मुरतें आणि खाऱ्यास मागें रेटून धरतें. मुरण्याहून उपसा अधिक झाला, कीं समुद्र विहिरींत शिरतो. म्हणून येथील बागाइतदारांनीं वाडींत बावखलें खणलीं, विहिरींवर रहाट बसविले. केळी, पानवेली आणि फुलझाडें त्यांवर पोसलीं. बावखल खासगी खरें, परंतु त्यांतून मुरलेलें पाणी शेजाऱ्याच्या विहिरीसही मिळे.

असें हित करणाऱ्यास राज्यानें काय द्यावें? विहीर खणतांच सारा वाढणार असेल, तर ती खणणार कोण? १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्यानें ही भीति ओळखली. खातेदारानें स्वतःच्या भांडवलानें केलेल्या सुधारणेवर फेरआकारणींत सारा वाढवूं नये, असें त्यानें ठरविलें. १८८३ च्या कायद्यानें विहिरी, तळीं यांसाठीं तगाईची सोय झाली.

परंतु या सवलतींची नजर पिकावर होती. मुरविलेल्या पाण्याची किंमत कोणी केली नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबईलगतच्या या भूमीचा भाव पिकाहून कितीतरी वाढला, आणि त्या सवलती दुबळ्या ठरल्या. विहिरींचें पाणी टँकरनें विकलें जाऊं लागलें. उपसणाऱ्यास पैसा, राखणाऱ्यास कांहींच नाहीं! कित्येक बावखलें बुजविलीं गेलीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीनें याविरुद्ध लोकांना उभें केलें, तें याच वेदनेंतून.

पुढें २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानें उपशाच्या नियमनाची वाट दाखविली. परंतु निर्बंधानें फार तर उपसा थांबेल. बावखलांतला गाळ त्यानें निघत नाहीं. तो मालकालाच काढावा लागतो, आणि त्याचा लाभ साऱ्या गांवाला होतो. तेव्हां जो वाडीवाला बावखल राखील त्यास करांत सूट मिळावी. जो इमारती बांधील वा पाणी विकील त्यानें जमिनीचें देणें फेडावें. शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच्या राज्यानें विहीर खणणाऱ्याची भीति ओळखली होती. बावखल राखणाऱ्याची अडचण आपण ओळखूं शकणार नाहीं काय?