ग्रीस-रोमचा अभ्यास: पवनीच्या बाजूने

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या एखाद्या मुलाने बी.ए.ला असताना ग्रीस आणि रोम शिकायचे ठरवले, तर त्याला कुठल्या विभागात पाठवायचे, हे सांगणे सोपे नाही. प्लेटो त्याला तत्त्वज्ञानात आणि राज्यशास्त्रात भेटेल, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र इंग्रजी साहित्याच्या तासाला, रोमन कायदा विधी महाविद्यालयात आणि रोमन नाणी प्राचीन भारतीय इतिहासात. विषय आहे, पण वाटण्या झालेल्या घरासारखा. या वाटण्यांत नेमके काय हरवले, हे पाहण्यासाठी हा विषय मुळात कसा उभा राहिला ते पाहावे लागते.

1777 साली फ्रिड्रिख आउगुस्ट वोल्फ हा तरुण जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात दाखल झाला. ग्रीक-लॅटिन तेव्हा प्रामुख्याने धर्मशास्त्राची पूर्वतयारी म्हणून शिकत. वोल्फने मात्र आपण भाषा आणि ग्रंथांच्याच अभ्यासासाठी आलो आहोत अशी नोंद करायला लावली. पुढे हाले येथे त्याने असे शास्त्र मांडले, ज्यात व्याकरण, पाठचिकित्सा, शिलालेख, नाणी, कायदा, धर्म हे सगळे एकाच प्राचीन जगाचे पुरावे मानले गेले. ऑक्सफर्डने वेगळी वाट धरली: आधी भाषा आणि साहित्य, मग इतिहास आणि तत्त्वज्ञान, अशी चार वर्षे. दोन्हीकडे गृहीत एकच होते. होमर वाचणाऱ्याला नाणे वाचता आले पाहिजे आणि नाणे वाचणाऱ्याला होमर.

महाराष्ट्रात ही विद्या आली ती निराळ्या रूपात. मुंबई विद्यापीठ 1857चे. तिथे लॅटिनची सोय होती, पण आपल्या विद्वानांनी आपली ताकद लावली ती संस्कृतावर. रामायणावर होमरची छाया आहे, असे जर्मन पंडित वेबर यांनी मांडले तेव्हा काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी 1873 साली त्याला सविस्तर उत्तर दिले. तेव्हा ते जेमतेम तेविशीचे होते. त्या वादात अभिमान आहेच, पण नुसता अभिमान नाही. दोन काव्यांतले प्रसंग सारखे दिसले म्हणून उसनवारी सिद्ध होत नाही, हा पद्धतीचा मुद्दा आजही टिकतो.

याहून मोठी गोष्ट घडली पुण्यात. भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकरांनी महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिची प्रस्तावना 1933ची. हस्तलिखितांच्या समान चुकांवरून त्यांची वंशावळ लावायची आणि मूळ पाठाकडे सरकायचे, हे तंत्र युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घडलेले. सुखटणकरांनी ते आणले आणि त्याच्या मर्यादाही दाखवल्या. महाभारताच्या पोथ्यांनी एकमेकींकडून इतके घेतले आहे की सरळ वंशवृक्ष उभा राहत नाही, हे त्यांनी स्पष्ट मांडले. म्हणजे ग्रीस-रोमच्या अभ्यासाची पद्धत आपल्याकडे आली, मुरली आणि तावूनसुलाखून निघाली. तिचा मूळ विषय तेवढा दाराबाहेर राहिला.

आता जमिनीवरचा पुरावा. 1906 साली नाशिकजवळ जोगलथेंबीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. ही नाणी क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. एक नाणे हातात घेऊन पाहा. राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत, मागे बाण आणि वज्र, त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरे जुळवून वाचली, तर लागतो तो प्राकृत मजकूरच: राजा क्षहरात नहपानाचे. लिपी ग्रीक, भाषा प्राकृत. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर हीच अक्षरे बिघडत बिघडत रेघोट्या होतात, तरी ती काढून टाकत नाहीत. अर्थ गेला, पण पत राहिली. रोमन आणि हिंद-ग्रीक नाण्यांचे वजन बाजारात किती होते, याचा एवढा बोलका दाखला कुठल्या ग्रंथात मिळणार नाही.

जुन्नरच्या लेण्यांत तर यवन (हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा) स्वतःच देणगीदार म्हणून उभे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्या, चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट या ठिकाणचे यवन आहेत, पण त्यांची नावे बहुतांशी अस्सल इथली. मग हे ग्रीक वंशाचे बौद्ध झालेले लोक, की त्या नावाने ओळखली जाणारी व्यापारी वस्ती? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. निकाल मात्र लेखांच्या अक्षरांचे वळण, दानाचे स्वरूप आणि नावांची घडण एकत्र पाहूनच लागेल.

अड्याळच्याच तालुक्यात, पवनीला, 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांचा अहवाल 1972चा. जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप सुमारे 38 मीटर व्यासाचा निघाला, सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही रुंद. पवनीलाच महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभ सापडला; तो वाचून प्रसिद्ध केला वा. वि. मिराशींनी. नाशिककडच्या क्षत्रपांची पदवी वैनगंगेकाठी आली, हे त्यावरून कळते. यातून पवनीला रोमची पेठ ठरवण्याची घाई कोणी करू नये. पण ज्या राजकीय जगात ग्रीक अक्षरांची नाणी चालत होती, त्या जगाची पूर्वेकडची कड इथे दिसते.

अडते ते भाषेपाशी. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचा ग्रंथ सांगतो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. आपण हे वाक्य इंग्रजीतून वाचतो, त्यावर मराठीत लिहितो आणि दिशा-अंतराचा मेळ बसेना की वाद घालतो. तेर प्रत्यक्षात पैठणच्या आग्नेयेला आहे. लेखकाची चूक, नकलाकाराची, की भाषांतरकाराची सोय, हे मूळ ग्रीक उघडल्याशिवाय ठरवता येत नाही.

आणि ग्रीक आपल्याला वाटते तितकी परकी नाही. बारावीपर्यंत संस्कृत केलेल्याला द्विवचन समजावून सांगावे लागत नाही. ग्रीकच्या मधल्या प्रयोगाला आत्मनेपद म्हटले की काम भागते. ‘ददामि’ आणि ‘दधामि’ येत असतील, तर ‘दिदोमी’ आणि ‘तिथेमी’ पाहताच धातूचा अभ्यास, म्हणजे द्वित्व, ओळखू येतो. लंडनच्या विद्यार्थ्याचे पहिले सहा महिने जिथे जातात, तिथे आपला विद्यार्थी लवकर पुढे सरकू शकतो. ‘पर्सियस’ या संगणकीय ग्रंथालयात मूळ पाठ, कोश आणि प्रत्येक शब्दाचे व्याकरण फुकट आहे.

म्हणून माझ्या मते पदवीला संस्कृत आणि इतिहास, पदव्युत्तर वर्गात नागपूरला प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व, आणि जोडीने पहिल्या वर्षापासून रोज तासभर ग्रीक, हा क्रम धरावा. अथेन्सच्या लोकसभेपासून सुरुवात करण्याचे कारण नाही. आधी पवनीचा स्तंभ, नहपानाचे नाणे, जुन्नरचे लेख, मग पेरिप्लस, मग टॉलेमीचा भूगोल, आणि हेरोडोटस त्यानंतर. ऑक्सफर्डमध्ये हा क्रम उलटा वाटेल. पण प्राकृत लेख आणि ग्रीक पाठ दोन्ही मुळातून वाचणारे अभ्यासक तिथेही मोजकेच आहेत.