राजनाल्याचे पाणी, उन्हाळी भात आणि पेशीतली ढाल

कर्जत म्हटले की इतिहासप्रेमींना भोर घाटातली रेल्वे आठवते, माथेरान आठवते, कोथळीगड आठवतो. या धाग्याचा विषय मात्र भाताचे फूल आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याला भात हे पावसाचे पीक. आषाढात लावणी, पावसाळा सरता सरता फुलोरा, मग कापणी. ही शतकानुशतकांची घडी विसाव्या शतकात मोडली, आणि ती मोडली विजेने. १९१५ साली खालापूर तालुक्यात खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे. घाटमाथ्यावर अडवलेले, एरवी पूर्वेकडे बंगालच्या उपसागरास मिळणारे पाणी नळांतून कोकणात उतरू लागले. हेतू मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्याचा होता. शेतकऱ्याचा विचार त्या योजनेच्या केंद्रस्थानी नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही जनित्रे फिरवून मोकळे झालेले भिवपुरीचे पाणी राजनाल्यावाटे कर्जतच्या खाचरांत पोहोचले आणि तिथे दुसरे पीक उभे राहिले : उन्हाळी भात.

पाणी मिळाले, पण ऋतू बदलला. पावसाळी भात ढगांच्या छायेत फुलतो. उन्हाळी भाताचा फुलोरा तापत्या उन्हात येतो. कालव्याला पाणी उशिरा सुटले किंवा थंडीने रोपे रेंगाळली, तर तो आणखी पुढे सरकतो. भाताचे फूल सकाळी उमलते आणि थोड्याच वेळात मिटते. नेमक्या त्या वेळी तासभर जरी तापमान ३५ अंशांच्या वर राहिले, तरी परागण बिघडू शकते. मग लोंबी बाहेरून भरदार दिसते, पण हाताला लागते ती पळींज. आणि याच रायगड जिल्ह्यात, भिरा येथे, मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती.

अशा उन्हात रोप तगते तरी कसे? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात भातापासून झाली नाही. ती एका माशीपासून झाली. १९६० च्या सुमारास इटलीत फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे तपासत होते. एका सहकाऱ्याने उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले. रितोसांना गुणसूत्रांवर नव्याच ठिकाणी फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे त्या जागेची जनुके कामाला लागल्याची खूण. हे निष्कर्ष एका नामांकित नियतकालिकाने बिनमहत्त्वाचे ठरवून परत पाठवले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. १९६२ साली ‘एक्स्पेरिएन्शिया’ने ते छापले. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने दिसायला १९७४ साल उजाडले. तीच ‘हीट शॉक प्रथिने’. मराठीत त्यांना उष्माघात प्रथिने म्हणणे सोपे, पण घोटाळ्याचे. उष्माघात माणसाला होतो, ही प्रथिने उष्णतेचा मार सोसणाऱ्या पेशीला सावरतात.

भारताचा वाटाही विसरू नये. बनारस हिंदू विद्यापीठातील सुभाष लखोटिया यांनी फळमाशीच्या अशाच एका फुगवट्यावर दशके घालवली. त्या जागेचे जनुक प्रथिन बनवतच नाही; त्याचे काम आरएनए करते.

कार्यपद्धती विलक्षण आहे. प्रथिन कामाचे ठरते ते त्याच्या विशिष्ट घडीमुळे. उष्णतेने ती उसवते आणि उसवलेली प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होतात. पेशीत नेहमीच थोडी रक्षक प्रथिने वावरत असतात. एरवी ती एका नियंत्रक प्रथिनाला धरून ठेवतात. ऊन वाढले की ती उसवलेल्या प्रथिनांकडे धावतात. मोकळा झालेला नियंत्रक गुणसूत्रावर बसून आणखी रक्षक घडवण्याची आज्ञा देतो. एचएसपी-७० उसवलेल्या साखळीला आधार देते, एचएसपी-१०१ गोळे सोडवते. आधी सौम्य ऊन सोसलेले रोप पुढचे कडक ऊन अधिक सहन करते, ते या पूर्वतयारीमुळेच.

ही ढाल सर्वत्र सारखी नसते. पान सावरते, अनेक वनस्पतींचे पक्व परागकण मात्र हा प्रतिसाद नीट देऊ शकत नाहीत. म्हणून शेत हिरवेगार आणि लोंबी पोकळ, असे विपरीत चित्र दिसते. उत्तर प्रदेशातील ‘नगीना २२’ हा जुना वाण याला अपवाद ठरला. उष्णतेत त्याच्या परागकोशांत ही प्रथिने अधिक आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्याआधी, २००३ मध्ये, दिल्लीच्या संशोधकांनी दुसऱ्या वनस्पतीचे एचएसपी-१०१ जनुक बासमतीत घालून त्याची उष्णता सोसण्याची शक्ती वाढवून दाखवली होती.

कर्जतलाही भात संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून निघालेले ‘कर्जत’ नावाचे वाण कोकणभर पेरले जातात. राजनाल्याकाठच्या शेतकऱ्याच्या हाती मात्र आज वाणाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे ती पेरणीची तारीख : फुलोरा कडक उन्हाच्या आधी उरकावा एवढी लवकर. ती तारीख पाळता येते की नाही, हे कालव्याला पाणी केव्हा सुटते यावर ठरते.