सात अधिक तीन

१९७३ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात, रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत, जेरोम येट्स, जेम्स हॉलंड आणि सहकाऱ्यांनी अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना दोन औषधं जोडीनं दिली: सायटारॅबिन सात दिवस, डॉनोरुबिसिन तीन दिवस. पहिलं कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजात सापडलेल्या रेणूंच्या धर्तीवर घडवलेलं, दुसरं मातीतल्या जिवाणूंपासून मिळालेलं. डॉक्टरांच्या तोंडी ‘सेव्हन प्लस थ्री’ हे नाव बसलं, आणि धडधाकट रुग्णांसाठी तो पाया आजही टिकून आहे.

सायटारॅबिन शरीरात झपाट्यानं निकामी होतं आणि डीएनएची नक्कल करत असलेल्या पेशींनाच मारतं. म्हणून ते रात्रंदिवस सलाईनमधून सोडत राहावं लागतं. डॉनोरुबिसिन लालभडक. ते चढवल्यावर लघवीही लाल होते, आणि आधी सांगितलेलं नसेल तर घरचे रक्तच समजतात. शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस सडतं. या उपचारानंतरचे काही आठवडे पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा होतात. साधा ताप जिवावर बेततो.

पुढे सात आणि तीन या आकड्यांचीच पारख सुरू झाली. पाच अधिक दोन कमी पडले, सायटारॅबिन दहा दिवस देऊनही जास्त काही साधलं नाही. डॉनोरुबिसिनच्या मात्रेवरून वाद बराच रंगला. साठीपर्यंतच्या रुग्णांत शरीराच्या दर चौरस मीटरला ४५ मिलिग्रॅमऐवजी ९० दिल्यावर रेमिशन, म्हणजे रोगाची चिन्हं नाहीशी होण्याचं प्रमाण, ५७ वरून ७१ टक्क्यांवर गेल्याचं २००९ साली दिसलं; २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत मात्र ६० आणि ९० मध्ये फरक आढळला नाही.

सर्वांत बोलकी तुलना १९९४ सालची, रॉबर्ट मेयर यांच्या गटाची. रेमिशन आलेल्यांना पुढे सायटारॅबिन किती द्यायचं, हा प्रश्न होता. शरीराच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम, ४०० की तब्बल ३ ग्रॅम? साठीच्या आतल्यांत चार वर्षांनी रोग न उलटण्याची शक्यता अनुक्रमे २४, २९ आणि ४४ टक्के निघाली. एवढ्या मोठ्या मात्रेचा फटका लहान मेंदूला बसू शकतो, तोल जातो, बोलणं अडखळतं. म्हणून प्रत्येक डोसाआधी रुग्णाला बोट नाकाला लावायला सांगतात, अक्षर बिघडलंय का ते पाहण्यासाठी सही करून घेतात. डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब घालतात.

साठीपुढच्यांना मात्र तिन्ही मात्रांत शक्यता १६ टक्के किंवा त्याहून कमीच होती. इथंच हा इतिहास बोचतो, कारण हा आजार मुख्यतः उतारवयाचा. तरुणांसाठी मात्रा वाढत गेल्या; ज्यांना आजार जास्त होतो, त्या वयस्करांना द्यायला दमदार असं फारसं काही नव्हतं.

२०२० साली ७५ वर्षांवरच्या किंवा जोरदार केमो न झेपणाऱ्या रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. नुसत्या अॅझासायटिडिन या औषधावर मध्यक आयुष्य ९.६ महिने होतं. व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या जोडल्यावर ते १४.७ झालं. पाच महिन्यांची ही भर ‘सेव्हन प्लस थ्री’ न देता मिळाली होती.