संकल्प एकाचा, खर्च कुणाच्या नावे?



डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माळ्यावरची एक जुनी ट्रंक खाली काढली. तिच्यात माझ्या डायऱ्या आहेत. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो, तेव्हा दरवर्षी कुणी ना कुणी डायरी देत असे. कधी बँक, कधी खतांचा दुकानदार, कधी विमा एजंट. मोजून पाहिल्या, बावीस निघाल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर नव्या वर्षाचे संकल्प, ठळक अक्षरात, आकडे घालून. पुढं दहा-बारा पानं भरलेली. मग अक्षर बारीक होत जातं आणि तेरा-चौदा जानेवारीला शाई आटते. आपल्याकडं एखाद्या गोष्टीचा घात झाला की तिच्यावर ‘संक्रांत आली’ म्हणतात. माझ्या संकल्पांवर ती दरवर्षी तारीख न चुकवता आली.

तसा मी नव्या वर्षांच्या बाबतीत श्रीमंत माणूस. आमच्या घरी मोहरमला हिजरी साल बदलतं. पण तो महिना करबलाच्या आठवणीचा, त्यामुळं शुभेच्छांचा गलका नसतो. शेजारी गुढी उभी राहिली की आमच्याकडं पुरणपोळीचं ताट येतं. पेढीवर दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन व्हायचं आणि लाल वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ मीच लिहायचो. चौथं वर्ष एक जानेवारीचं. म्हणजे सुधारण्याच्या चार संधी. चारही मी सारख्याच इमानानं दवडल्या.

पूजेतला ‘संकल्प’ मी शेजारच्या ओसरीवर लहानपणापासून ऐकत आलो. गुरुजी हातावर पाणी सोडायला लावतात आणि त्याआधी देश, काल, नदी, तिथी, नाव, गोत्र सगळं म्हणवून घेतात. तू कोण, कुठं उभा आहेस, आज कोणता दिवस, हे आधी सांग, मग काय करणार ते बोल. आमच्याकडं नमाज असो की रोजा, आधी ‘नीयत’ करायची. ती मनात केली तरी चालते. पण नीयत स्वच्छ नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया. एकात ठावठिकाणा सांगायचा, दुसऱ्यात मन तपासायचं. मला दोन्ही पटतात. मात्र हिशेब लिहिणाऱ्या माणसाला आणखी एक प्रश्न पडतो. हा संकल्प पुरा करायला जो खर्च येईल, तो कुणाच्या नावे टाकायचा?

आमच्या मुलखाचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला वारंवार भेटला. मुलूख म्हणजे सातारा आणि सांगली. आज हे दोन जिल्हे असले तरी १९४९ पर्यंत यांतला पुष्कळसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. माझा जन्म साताऱ्याचा, पोट भरलं सांगलीत, त्यामुळं मी तर अजून जुन्याच जिल्ह्यात राहतो.

नव्या वर्षाचा सर्वांत मोठा संकल्प या देशानं केला तो ३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्री. लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव झाला आणि रावीच्या काठी तिरंगा फडकला. पण नुसत्या ठरावावर भागलं नाही. २६ जानेवारी १९३० ला गावोगाव लोकांनी जमून स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. डायरीतला संकल्प बंद कपाटात राहतो, हा चावडीसमोर बोलला गेला. चारचौघांनी ऐकलेला शब्द मागं घेणं अवघड असतं.

त्या काळात कराडच्या टिळक हायस्कुलात एक मुलगा शिकत होता. जन्म देवराष्ट्र्याचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला. वडील लहानपणीच गेलेले. वर्गात एकदा शिक्षकांनी विचारलं, तुम्ही पुढं कोण होणार ते चिठ्ठीवर लिहा. कुणी टिळक लिहिलं, कुणी आणखी कुणी थोर पुरुष. या मुलानं लिहिलं, मी यशवंतराव चव्हाण होणार. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि तिथंच थांबतो. थांबू नये. २६ जानेवारी १९३२ ला या मुलानं शाळेच्या आवारात तिरंगा लावला, पकडला गेला आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. माफी मागितली तर सुटेल, अशी भाबडी सूचना घेऊन शिक्षक त्याच्या आईकडं, विठाबाईंकडं गेले होते. त्या माउलीनं ती साफ नाकारली. मुलाला एवढंच सांगितलं की प्रकृतीची काळजी घे. ‘मी यशवंतराव होणार’ ही चिठ्ठी मुलाची. पण ती खरी व्हावी म्हणून अठरा महिने उंबऱ्याकडं डोळे लावून बसायचं काम आईच्या वाट्याला आलं.

पुढं दहा वर्षांनी तेच. यशवंतरावांचं वेणूताईंशी लग्न झालं ते जून १९४२ मध्ये. ऑगस्टात ‘चले जाव’ सुरू झालं आणि नवरा भूमिगत झाला. पोलिसांना तो सापडेना, म्हणून त्यांनी वेणूताईंना पकडलं. लग्नानंतरची पहिली संक्रांत त्यांना तुरुंगात काढावी लागली. हलव्याचे दागिने घालायच्या दिवसात हे! माझ्या संकल्पांवर येणारी संक्रांत आणि ही संक्रांत यांत केवढा फरक! कराडला आज वेणूताईंच्या नावानं स्मारक आहे. यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह त्याच वास्तूत आहे. निदान इतकं तरी त्या माणसानं वहीत नोंदवून ठेवलं.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतो आहे, त्यांच्याकडं वळतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. घराणं ऐतवडे बुद्रुकचं. तरुणपणी त्यांनी ओगल्यांची काच आणि किर्लोस्करांचे नांगर विकले. विक्रेता म्हणून खेडोपाडी फिरताना त्यांना दिसलं की नांगर घेणाऱ्याला पावतीवरचा आकडा वाचता येत नाही. त्यातून ४ ऑक्टोबर १९१९ ला, विजयादशमीच्या दिवशी, कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा संकल्प झाला. मुहूर्त बघा, सीमोल्लंघनाचा! १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातीधर्मांची पोरं एका छपराखाली राहणार, स्वतः रांधणार, एका पंक्तीला जेवणार. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, कुणी वेगळं बसायचं नाही. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजी तिथं आले आणि ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव त्यांच्या हस्ते दिलं गेलं.

फोटोत भाऊराव दिसतात, दाढी आणि घोंगडीसकट. चूल दिसत नाही. त्या चुलीपाशी लक्ष्मीबाई होत्या. सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या पाटील घराण्यातली ही मुलगी. नवऱ्याच्या संकल्पासाठी तिला आधी स्वतःशी भांडावं लागलं असेल. ज्यांची सावली टाळायला तिला शिकवलं होतं, त्यांच्या पोरांच्या ताटात तिला भाकरी वाढायची होती. ती तिनं वाढली. आजाऱ्याच्या उशाशी बसली, पोरांची आई झाली. पैसा संपला तसा एकेक दागिना गेला. भाऊराव बाहेरगावी असताना एकदा कोठीतलं धान्य संपलं, तेव्हा मंगळसूत्रही गेलं, असं सांगतात. सौभाग्याची ही खूण बायका जिवापलीकडं जपतात. ती मोडून आलेल्या धान्यावर त्या दिवशी कुणाच्या तरी पोराची भूक भागली.

लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. संस्थेची नोंदणी १९३५ ची. साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ तत्त्वावरचं महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं १९४० मध्ये आणि छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा भाऊरावांचा संकल्प त्याहून पुढचा. वडाला पारंब्या फुटू लागल्या तेव्हा जिनं मुळाशी पाणी घातलं, ती बघायला नव्हती.

आणि ती एकटीही नव्हती. ‘मुष्टिफंड’ हा शब्द आता नव्या पिढीला माहीत नसेल. खेड्यातल्या बाया जात्यावर दळायला बसायच्या तेव्हा त्यातलं मूठभर धान्य बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला काढून ठेवायच्या. त्या बायांनी कुठं भाषण ऐकलं नव्हतं, डायरी लिहिली नव्हती. त्यांची नावं कुठल्याच अहवालात मिळायची नाहीत. पण माझ्या मते या मुलखातला खरा टिकलेला संकल्प तो. रोज पहाटे एक मूठ, एवढाच त्याचा आकार. मूठ इतकी लहान की ‘आज जमलं नाही’ म्हणायला जागा नाही.

तीन जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती येते. त्यांचं माहेर सातारा जिल्ह्यातलं नायगाव. १८५६ मध्ये त्या आजारी पडून माहेरी आल्या होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेलं म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, त्यात फातिमाचं नाव येतं. आपल्या मागं कामाचा सगळा भार तिच्यावर पडला असेल, ही काळजी त्यात आहे. मी ते ओझरतं नाव वाचलं तेव्हा बराच वेळ पुढं वाचवेना. आमच्यातली म्हणून तर खरंच, पण त्याहून दुसऱ्या कारणानं. स्वतः अंथरुणाला खिळलेली एक बाई, आपल्या संकल्पाचं ओझं आता कुणाच्या डोक्यावर आहे, याची आठवण ठेवते आहे.

ही आठवण मी ठेवली नव्हती.

ट्रंकेतली १९९८ ची डायरी उघडली. पहिल्या पानावर चार संकल्प होते. एक, रोज पहाटे उठून कविता लिहिणे. दोन, तंबाखू बंद. तीन, सोसायटीचं कर्ज फेडणे. आणि चार, माझ्याच अक्षरात, ‘हिच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आणणे.’

माझी बायको तासगाव तालुक्यातली. नववीनंतर शाळा सुटली, घरात धाकटी भावंडं होती म्हणून. बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. लग्नानंतर तिनं एकदा तो विषय काढला होता आणि मी मोठ्या मनानं तो डायरीत घेतला. माझ्या बावीस वर्षांच्या संकल्पांतला एकच टिकला, तो पहाटे लिहिण्याचा. माझा संग्रह त्यातूनच निघाला. तो का टिकला, हे मला आता कळतं. पावणेपाचला माझ्या उशाशी चहाचा पेला आदळायचा. स्टो पेटवायला ती माझ्याआधी उठलेली असायची. मुलं जागी झाली तर त्यांना घेऊन परसात जायची. संग्रहाच्या सुरुवातीला मी बी.ए.च्या प्राध्यापकांचे, मित्रांचे, छापखान्याचे आभार मानले आहेत. तिचं नाव नाही. जमा सगळी माझ्या नावावर आणि नावे पडलेली रक्कम कुठं लिहिलेलीच नाही. पेढीवर अशी वही मी मालकासमोर ठेवली असती, तर त्यांनी मला संध्याकाळच्या आत घरी पाठवलं असतं.

डायरी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिला ते पान दाखवलं. म्हटलं, या वर्षी फॉर्म नक्की आणतो. तिनं हातातला पोळपाट खाली ठेवला, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “आता तो ऑनलाइन भरतात. आणि जानेवारीत नाही, पावसाळ्यात निघतो. तेवढे महिने तुमच्या ध्यानात राहणार आहे का?”

बरोबर होतं तिचं. नव्या वर्षाचा संकल्प केला एक जानेवारीला, तरी त्याचा मुहूर्त पावसाळ्यात. मधे संक्रांत, मधे रमजान, मधे उन्हाळा. एवढं सगळं ओलांडून जो पोचेल तो संकल्प. मी उत्तर शोधत उभा राहिलो, तेवढ्यात ती आतल्या खोलीत गेली आणि परत आली ती एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. निकाहनामा, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले यांच्या तळाशी घडी घातलेला एक पिवळा कागद होता. तिचा शाळा सोडल्याचा दाखला. घडीवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. चिकटपट्टीही जुनी झाली होती.

“डायरीत लिहू नका,” ती म्हणाली. “याची झेरॉक्स काढून आणा.”

श्रोतेहो, या वर्षी माझा दुसरा कुठलाही संकल्प नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)