तऱ्हाळ्याची नाणी, नागपूरचे ग्रंथ

नागपूरहून जबलपूर रस्त्याने निघाले की कामठीनंतर कन्हान नदीचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की कन्हान गाव. आज हे गाव लोकांना माहीत आहे ते आसपासच्या कोळसा खाणींमुळे आणि रेल्वे जंक्शनमुळे. रामटेककडे जाणारा लोहमार्ग इथूनच फुटतो. नाण्यांच्या अभ्यासकाला मात्र हाच टापू वेगळा दिसतो. पुढे गेले की मनसर आणि नगरधन, म्हणजे वाकाटकांचा मुलूख. मागे नागपूर, भोसल्यांच्या टांकसाळीचे शहर. आणि नदीच्या अलीकडच्या काठावर कामठी, जिथे १८२१ साली इंग्रजांची छावणी पडली. एवढ्या छोट्या पट्ट्यात किती राजवटींचा पैसा हातोहात फिरला असेल याची कल्पना करता येते. त्या पैशाची ओळख सांगणारी पुस्तके मात्र फार उशिरा आली आणि ती ज्यांनी घडवली त्यांची नावे नागपूर जिल्ह्यातही फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

पुस्तके नव्हती तेव्हा हे ज्ञान सराफाच्या पेढीवर होते. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया चालू केला. त्याआधी प्रत्येक दरबाराचा रुपया निराळा, त्याचे वजन निराळे आणि कसही निराळा. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर बट्टा द्यावा लागे, आणि तो बट्टा किती हे पारखी ठरवी. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. ते कागदावर उतरवण्याचा एक मोठा प्रयत्न कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपने केला. देशी रुपयांची वजने आणि कस सांगणारी त्याची कोष्टके १८३४ साली छापली गेली. सरकारी खजिन्यात कोणता रुपया काय भावाने घ्यायचा यासाठी अशा कोष्टकांचा उपयोग होता. संग्राहक त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे नसावा. पण तीनच वर्षांनी याच प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि विदर्भाच्या मातीतून निघणारी सातवाहनांची नाणी वाचण्याची वाट मोकळी झाली.

नाणे मातीतून वर येते तेव्हा त्याचा सर्वांत मोठा शत्रू असते सोनाराची मूस. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवणे बंधनकारक केले. कायदा असूनही किती हंडे परस्पर वितळले असतील त्याची गणती नाही. पण जे वाचले त्यांना मध्य प्रांतात ठेवायला एक जागा होती, ती म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ साली उभे राहिलेले आणि आजही नागपूरकरांच्या तोंडी ‘अजब बंगला’ असलेले.

ठेवा वाचला तरी तो छापून येईपर्यंत त्याचा उपयोग होत नाही. सिन्नरजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ साली त्यांचा तपशील प्रसिद्ध केला म्हणून क्षत्रपांवरच्या सातवाहन विजयाचा एवढा सज्जड पुरावा सगळ्यांच्या हाती आला. त्याच वर्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने रॅप्सन यांची आंध्र आणि क्षत्रप नाण्यांची सूची काढली. पुढची तीस वर्षे सातवाहन नाण्यावर बोट ठेवायचे तर रॅप्सन उघडायचा, अशीच रीत होती.

आणि मग १९३९ साली तऱ्हाळा आले.

तऱ्हाळा हे मंगरुळपीर तालुक्यातले गाव. तेव्हा अकोला जिल्ह्यात, आता वाशीममध्ये. तिथे सुमारे दीड हजार पोटीनची नाणी सापडली. पोटीन म्हणजे तांबे, शिसे आणि कथिल यांचा काळपट मिश्रधातू. त्याला सोन्याचांदीचे मोल नाही, म्हणूनच कदाचित ती मुशीतून वाचली. ही नाणी वाचण्याचे काम हाती घेतले ते वासुदेव विष्णु मिराशी यांनी. मिराशी मूळचे देवगड तालुक्यातल्या कुवळ्याचे, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे. नाणी हा त्यांचा धंदा नव्हता. पण शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांच्यावाचून विदर्भाचा प्राचीन इतिहास लिहिता येणार नाही हे त्यांच्याइतके स्पष्टपणे त्या काळी फार थोड्यांना कळले होते.

ते काम किती जिकिरीचे होते हे एक नाणे हातात घेतल्याशिवाय कळायचे नाही. एका अंगाला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या अंगाला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा आणि त्यांच्या टोकांना चार वर्तुळे. राजाचे नाव हत्तीच्या भोवती कडेने ब्राह्मीत. अडचण अशी की ठसा मोठा आणि धातूचा तुकडा लहान. त्यामुळे सहसा नाण्यावर पूर्ण नाव येत नाही. एकावर ‘सातक’ एवढेच दिसते, दुसऱ्यावर फक्त शेवट, तिसऱ्यावर मधली दोन अक्षरे आणि तीही झिजलेली. एका जातीची नाणी शेजारी शेजारी मांडायची, याचे पहिले अक्षर, त्याचे दुसरे, तिसऱ्याचा काना, असे जुळवत नाव उभे करायचे. मिराशींनी ते केले आणि नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात, १९४० साली, त्यावरचा लेख आला. त्यातून गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी या ओळखीच्या राजांबरोबर कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी नावे पुढे आली. पुराणांच्या वंशावळींत ही नावे नाहीत. एका गावातल्या ठेव्याने आणि एका प्राध्यापकाच्या चिकाटीने राजांची यादी लांबली. रॅप्सन आता एकटा पुरणार नव्हता.

मिराशींचे पुढचे मोठे काम कोरीव लेखांवर आहे. पण त्यांनी जे केले त्याची एक बाजू मराठी वाचकाने विसरू नये: त्यांनी हा सगळा खटाटोप मराठीतही आणला. वाकाटकांवर आणि पुढे सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांवर त्यांची मराठी पुस्तके आहेत. ज्या शेतकऱ्याच्या नांगराला नाणे लागते त्याच्या भाषेत त्या नाण्याची हकिकत असावी, यात औदार्यापेक्षा शहाणपण जास्त आहे. कारण पुढचे नाणे कलेक्टरकडे जाईल की सोनाराकडे, ते त्यावरच ठरते.

नागपूर विद्यापीठात ही परंपरा अजयमित्र शास्त्रींनी चालवली. त्यांनी संपादित केलेला, सातवाहन नाणी आणि उत्खननांत मिळालेली नाणी यांवरचा ग्रंथ विद्यापीठाने १९७२ साली छापला. त्याआधी १९६९ साली राज्य शासनाने व्ही. पी. रोडे यांची, अजब बंगल्यातल्या मुघल नाण्यांची सूची प्रसिद्ध केली होती. असे ग्रंथ विकून कुणी श्रीमंत होत नाही. प्रती थोड्या, वाचक त्याहून थोडे आणि सगळ्यात मोठा खर्च चित्रांचा. काळपट पोटीनचे छायाचित्र साध्या कागदावर छापले तर नुसता डाग उमटतो. म्हणून नाण्याचा प्लास्टरमध्ये पांढरा साचा काढायचा आणि त्याचा फोटो घ्यायचा, किंवा कुणा जाणत्या हाताकडून रेखाचित्र करून घ्यायचे, ही जुनी पद्धत. चांगल्या रेखाचित्रात एक अक्षर जास्त कळते, हे वापरणाऱ्यांना माहीत आहे.

भोसल्यांच्या रुपयाचा प्रश्न आणखी वेगळा. १८५४ साली राज्य खालसा होईपर्यंतचा हा पैसा म्हणजे तसा कालपरवाचा, पण ओळखायला सातवाहनांपेक्षा सोपा नाही. नागपूरच्या रुपयावर रघूजी किंवा जानोजी यांचे नाव शोधणारा निराश होतो. त्यावर फारसी अक्षरात मुघल बादशहाचे नाव असते, तेही अर्धे कडेबाहेर गेलेले. बादशहा मरून कैक वर्षे लोटली तरी ठशावर तोच राहतो, जुलूसचे, म्हणजे राज्यारोहणापासून मोजलेले, वर्षही गोठलेले असते. मग नाणे कुणाचे? ते सांगतात बारीकसारीक खुणा, अक्षरांचे वळण, धातूचा पोत, वजन आणि नाणे कुठे सापडले ती जागा. हे सगळे शेकडो नाणी तोलून, जुळवून कुणीतरी एका ठिकाणी लिहून ठेवलेले असेल तरच संग्राहकाला उलगडते. अमेरिकेतल्या क्राउझ प्रकाशनाची जागतिक नाण्यांची जाडजूड सूची १९७२ साली सुरू झाली, दक्षिण आशियासाठी त्यांनी १९८१ साली स्वतंत्र ग्रंथही काढला. पण जगाची सूची करणाऱ्याला एका टांकसाळीत किती खोल उतरता येणार?

तेवढे खोल उतरले ते इथले लोक. नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभारलेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने १९८९ साली माहेश्वरी आणि इंग्लंडचे केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांवरचा ग्रंथ छापला. लगेच पुढच्या वर्षी, १९९० साली, नागपूरच्या इंडियन कॉइन सोसायटीने प्रशांत कुलकर्णी यांचा नागपूरकर भोसल्यांच्या नाण्यांवरचा ग्रंथ काढला. संग्राहकांच्या संस्थेने, आपल्याच शहराच्या नाण्यांवर, आपल्यातल्याच एका अभ्यासकाचे पुस्तक छापावे ही गोष्ट मोठी आहे. विद्यापीठाची गादी नसतानाही पद्धतशीर काम होते हे अशा पुस्तकांनी दाखवले.

या साखळीतली पुढची नावे दूरवर पोचली. शैलेन भंडारे यांनी सातवाहनांवर मुंबई विद्यापीठात केलेले संशोधन १९९९ चे आहे, आणि आज ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काम करतात. संशोधन पुढे गेले. पुस्तके मात्र मागे पडत चालली आहेत. रॅप्सनची शंभर वर्षांपूर्वीची सूची आज संगणकावर फुकट वाचता येते, हक्क संपल्यामुळे. १९८९-९० ची पुस्तके दोन्हीकडून अडकली आहेत: ना दुकानात सहज मिळतात, ना पडद्यावर मोकळी आहेत. एखादी प्रत निघाली तर संग्राहक ती नाण्यासारखीच जपतो. ज्याच्या घरात आजोबांच्या ट्रंकेत भोसल्यांचे चार रुपये आहेत, अशा कन्हान-कामठी-रामटेकच्या माणसापर्यंत ती पोचण्याचा मार्ग उरत नाही. ज्या संस्थांकडे या ग्रंथांचे हक्क आहेत त्यांनी ते पुन्हा छापावेत किंवा खुले करावेत, आणि त्यांतला विदर्भापुरता भाग चित्रांसह मराठीत यावा. जिल्हा आणि तालुका ग्रंथालयांनी निदान एकेक प्रत मिळवावी.

तोवर वाचकाने आपल्यापुरते एवढे करावे. शेतात, पायाच्या खोदकामात, नदीच्या रेतीत जुनी नाणी मिळाली तर ती चिंचेने घासू नयेत. झिजलेली अक्षरे त्या आंबटाने कायमची जातात. नाणी वेगवेगळी करू नयेत, ज्या भांड्यात सापडली ते खापरही फेकू नये. कुठे, किती खोल आणि कोणत्या दिवशी सापडली ते लिहून ठेवावे, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत आणि तहसील किंवा कलेक्टर कचेरीत कळवावे.